नऊ आखूड रेघा

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आज, मंगळवारी सकाळी मिळालं. पोस्टमन दारातच म्हणाला, आजी, हल्ली पत्रं कोण लिहितं? मी म्हटलं, ज्यांच्या आजीला फोनवर ऐकू येत नाही ते लिहितात, तू आपला पुढच्या घरी जा. चार पानं भरली आहेस. त्यातली अडीच रडण्यात गेली आहेत, ती मी बाजूला ठेवली. उरलेल्या दीड पानात कामाचं आहे, त्याला उत्तर देते. पोस्टाच्या भरवशावर राहत नाही, शेजारचा ट्रकवाला उद्या पहाटे तुझ्या बाजूला निघतोय, त्याच्या हाती देईन. मी तिसरीपर्यंत शिकलेली. अक्षराला नावं ठेवू नको, मजकूर बघ.

मला नीट समजलंय का ते आधी सांगते. शाळांच्या स्पर्धा. मुलींची दोनशे मीटरची शर्यत. शर्यत सोडायला तू लाल बाही चढवून स्टुलावर उभी. जागेवर, तयार, असं म्हणालीस, चाप ओढलास, आणि आबांच्या रिव्हॉल्व्हरमधून नुसतं खट् झालं. तू हात खाली घेतलास, आणि घेता घेता ते काडतूस उशिरा पेटून ठो झालं. गोळी नसली तरी आग असतेच त्यात. पँटला भोक, मांडीला चटका. तिघी पळाल्या, पाच जणी तशाच उभ्या राहिल्या. उभ्या राहिलेल्यांत ती चौथ्या पट्ट्यातली उंच मुलगी, तीन वर्षं राबलेली. शर्यत पुन्हा घेतली तोवर तिच्या पायातलं बळ गेलं होतं, पाचवी आली. तिच्या वडलांनी सगळ्यांदेखत विचारलं, बाई, घरून खेळणं उचलून आणलंत का? आता शनिवारी तीच मुलगी चारशेच्या अंतिम फेरीत आहे. आणि तुमच्या समितीच्या अध्यक्षांनी सांगितलंय, की त्या दिवशी हे एकदा जरी अडलं, तर पुढच्या वर्षीपासून विजेचा भोंगा येणार आणि तू टेबलामागे बसून निकाल लिहिणार. दुरुस्तीवाला म्हणतो, स्प्रिंग मेली, टोचणी झिजली, सगळं बदलावं लागेल, दोन आठवडे लागतील. वर असंही म्हणाला, की ज्यांच्याकडे हे होतं त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. आणि मग तू लिहितेस, आजी, आबा शेवटी शेवटी निष्काळजी झाले होते का गं?

त्या ओळीवर मी चष्मा काढून ठेवला आणि चहा गार होऊ दिला. मला गार चहा आवडत नाही, तुला माहीत आहे.

आता पहिली गोष्ट. तू हात खाली घेतलासच कसा? खट् झालं आणि ठो झालं नाही, तर हात वरच ठेवायचा, नळी आभाळाकडे, आणि तीस आकडे मोजायचे. मोजता मोजता पळणाऱ्यांना सांगायचं, उभे राहा, मोकळे व्हा. आबांनी तुला हे शंभरदा सांगितलं असेल. एकदा भरल्या मैदानात ह्यांचं काडतूस दमट निघालं. हे तसेच उभे, हात वर, ओठ हलतायत. लोक ओरडतायत, कोणी शिट्ट्या मारतंय, एक घार ह्यांच्या डोक्यावर दोन चकरा मारून गेली. तीस झाले तेव्हाच हात खाली आला. त्या माणसाला तीस मोजायची इतकी सवय होती, की घरात माझ्याशी भांडण निघालं तरी एक बोट वर करून मोजत बसायचे. मला त्याचा फार राग यायचा. तीसपर्यंत माझं बोलून संपलेलं असायचं, आणि मग हे म्हणायचे, हं, आता मी बोलू का?

दुसरी गोष्ट, रिव्हॉल्व्हर का अडतंय. तू लिहिलंयस की काडतुसांच्या सहाही घरांत अडतं, आत्ता ह्या, मग त्या. म्हणजे चक्री ठीक आहे. एकाच घरात अडलं असतं तर त्या घरात दोष. पुढे लिहिलंयस, अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवला तर दर खेपेला उडतं, नुसता चाप ओढला तर सहातली दोन अडतात. मुली, उत्तर तूच लिहून पाठवलं आहेस आणि मलाच विचारतेस. नुसता चाप ओढला की घोडा थोडा कमी मागे जातो, म्हणून हलका पडतो. हलका पडला की काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते ती नीट ठेचली जात नाही. अडलेली काडतुसं फेकली नसशील तर बूड बघ. चांगला ठोका मसुराएवढा खड्डा पाडतो. तुझ्या काडतुसांवर डास चावल्याएवढी खूण असेल. मग टोपीवर आपटणारी टोचणी झिजलेली नाही, नाहीतर अंगठ्यानेही उडालं नसतं. स्प्रिंग मेलेली नाही. स्प्रिंगवरचा दाब कमी आहे, एवढंच. दोन वर्षं तुझं निभावलं कारण आबांच्या डब्यातली जुनी काडतुसं वापरत होतीस, त्यांची टोपी मऊ. ती संपली. आता नव्या दुकानातून आणलीस, त्यांची टोपी टणक. हलक्या हाताने ती ऐकत नाहीत.

आणि आता म्हणशील, मग घोडा अंगठ्याने ओढूनच ठेवते. ते करायचं नाही. घोडा ओढला की खट् वाजतो. पळणाऱ्यांचे कान तेव्हा सशाचे झालेले असतात, त्या खट्वरच निम्म्या सुटतील.

मला हे सगळं कसं माहीत, असं तुझ्या मनात आलं असेल. आजीला सुईदोऱ्यापलीकडे काय कळतं. ते खरंच आहे. मला कळतं ते शिलाई मशीनचंच. पण ताण हा ताणच असतो, दोऱ्याचा असो की स्प्रिंगचा.

मी लग्नाआधी कपड्यांच्या कारखान्यात होते. तिथल्या मुकादम बाईने मला एकच धडा दिला, तो पुरला. बॉबिनच्या डबीला एक इवलासा स्क्रू असतो, दोऱ्याचा ताण त्याच्यावर. तो कधी भसकन फिरवायचा नाही. स्क्रूची चीर म्हणजे घड्याळाचा काटा समजायचा आणि पाच मिनिटं फिरवायचा. शिवून बघायचं. नाही जमलं तर आणखी पाच मिनिटं. नवी पोरगी आली की बाई ओरडायची, अगं, पाच मिनिटं म्हटलं होतं, तू तर दुपार केलीस. त्याच कारखान्यात तुझे आबा लाल बाही शिवून घ्यायला आले. शर्यत सुरू करणारा माणूस लांबून दिसावा म्हणून ती बाही. मी माप घेतलं, दंड हा एवढा जाड. मी म्हटलं, एका बाहीला दोघांचं कापड लागणार. त्यांनी त्यावर तीस मोजले असावेत, कारण उत्तर द्यायला ते दुसऱ्या दिवशी आले.

ती बाही मी नंतर दरवर्षी उसवली आणि शिवली. आधी काही वर्षं मापाने तशीच. मग शिवण आत घ्यावी लागायला लागली. एका वर्षी अर्धं बोट, पुढच्या वर्षी आणखी. ह्यांना वाटायचं कापड धुवून धुवून सैल पडतंय. मी म्हणायचे, हो, कापड काही खरं नाही हल्लीचं.

पण दंडाचं एक वेळ ठीक आहे, बोटाचं तसं नाही. साठी ओलांडली आणि ह्यांच्या उजव्या हाताची पेरं सुजायला लागली. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, आणि मी हात पुढे केला की म्हणायचे, मी काय लहान आहे? मोसम जवळ आला की हे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसायचे, रिव्हॉल्व्हरमध्ये उडवलेली रिकामी काडतुसं घालायचे आणि चाप ओढायचा सराव करायचे. मी पलीकडच्या खोलीत मशीनवर. खट्, खट्, खट्, सहा वेळा, मग चक्री उघडल्याचा आवाज. इतकी वर्षं ऐकून मला त्याच्याशिवाय शिवताच यायचं नाही. एका संध्याकाळी दोन खट् झाले आणि तिसरा आलाच नाही. मी पाय थांबवला. दारातून बघितलं तर हे दोन बोटांनी चाप ओढतायत, दात आवळून. मला पाहिलं आणि रिव्हॉल्व्हर डब्यात ठेवलं. म्हणाले, आज कंटाळा आला. भिंगरी, मी त्या माणसाला सगळं म्हणताना ऐकलंय. रिव्हॉल्व्हर हातात असताना कंटाळा आला, हे कधी नाही.

आता मी काही दयाळू बाई नाही, तू ओळखतेस मला. माझ्या डोक्यात पहिला विचार हा आला, की ह्यांनी मैदान सोडलं तर हा माणूस दिवसभर माझ्या पायात पायात करणार, माझ्या दोऱ्याची रिळं रंगवार लावणार. ते मला परवडणारं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर मी बॉबिनच्या डबीचा बारका स्क्रू ड्रायव्हर घेतला. रिव्हॉल्व्हरच्या मुठीला, पुढच्या अंगाला, बोटं जिथे लपेटतात तिथे एक स्क्रू आहे. त्याचं टोक आत स्प्रिंगला रेटतं. ह्यांना तो आवळताना मी पाहिलं होतं. मी तो उलट फिरवला. पाच मिनिटं. आत पाण्याचा आवाज थांबला तेव्हा मी टोमॅटो चिरत होते.

संध्याकाळी सहाच्या सहा खट् वाजले. मग बराच वेळ काही नाही. मग हाक आली, अगं, ऐकलंस का, ते बोटाला लावायचं नवं तेल लागू पडलं गं, बोट मोकळं झालं. मी आतूनच म्हटलं, पडणारच लागू, घरभर वास सुटलाय त्याचा.

मग दरवर्षी मोसमाआधी मी पाच मिनिटं उलट फिरवत गेले. नऊ वर्षं. आणि हे दरवर्षी तेलाची बाटली आणत गेले, माझ्यासमोर बसून बोटाला चोळत गेले. नवव्या वर्षी मैदानात एकदा अडलं. हात वर, तीस आकडे, मग दुसऱ्या चापाला उडालं, शर्यत पार पडली. घरी येऊन म्हणाले, काडतूस दमट होतं. मी म्हटलं, असेल. त्यानंतर आठ दिवसांनी स्वतःच समितीला कळवून आले, आता पुरे. आणि माझी रिळं लावायला बसले, रंगवार. त्यानंतर किती थोडे दिवस होते ते तुला माहीत आहे. डब्याच्या झाकणात आतून तुझं नाव लिहिलेलं सापडलं, तेही तुला माहीत आहे.

तेव्हा तुझ्या त्या ओळीचं उत्तर असं. तुझे आबा निष्काळजी नव्हते. ते रिव्हॉल्व्हर मी बिघडवलं, जाणूनबुजून, नऊ हप्त्यांत. तुझ्या पोळलेल्या मांडीचा दोष माझा. त्या उंच मुलीचाही थोडा माझाच. तुला दिलं तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वर्षं तोंड उघडलं नाही, कारण उघडलं असतं तर त्यांचं बोट कधीच मोकळं झालं नव्हतं हे जगजाहीर झालं असतं. मला वाटलं, ती एक गोष्ट तेवढी राहू दे त्यांची.

मी इथेच पत्र संपवणार होते. मग तुझ्या त्या बाजूला ठेवलेल्या अडीच पानांवर नजर गेली, म्हटलं, बघू तरी पोरगी कशासाठी एवढी रडलीय. तिथे शेवटच्या पानाच्या तळाशी, अगदी कडेला, तू बारीक अक्षरात लिहिलंयस. मुठीवरच्या स्क्रूभोवती रेघा आहेत, सुईने कोरल्यासारख्या, घड्याळाच्या तबकडीसारख्या. एक लांब, आणि तिच्या एका बाजूने ओळीने नऊ आखूड. दुरुस्तीवाला म्हणतो घासून पॉलिश करून देतो, कशाच्या आहेत तुला माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. मी काही कोरलेलं नाही. चोरी करणारा माणूस तिथे खुणा ठेवतो का?

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. नऊ. म्हणजे पहिल्याच वर्षी कळलं होतं त्या माणसाला. दरवर्षी मी स्क्रू फिरवायचे, आणि नंतर कधीतरी हे माझ्याच सुयांच्या उशीतली सुई घेऊन चिरेच्या टोकाशी रेघ ओढायचे आणि सुई परत जागेवर टोचून ठेवायचे. आणि मग तेल. पहिली बाटली सोड, पुढचं तेल बोटासाठी नव्हतंच. तेल माझ्यासाठी होतं, मला कळू नये म्हणून की त्यांना कळलंय. नऊ बाटल्या त्या उग्र तेलाच्या. दर संध्याकाळी त्या वासाने माझं डोकं धरायचं आणि मी गप्प बसायचे, त्यांचं समाधान मोडू नये म्हणून. दोन म्हातारी माणसं एका घरात एकमेकांना फसवत होती, आणि दोघांनाही वाटत होतं आपण फार हुशार.

आता काम नीट ऐक. लांब रेघ ही स्क्रूची मूळ जागा आहे. ती त्यांनी पुढच्या माणसासाठी कोरली असणार, म्हणजे तुझ्यासाठी. दुरुस्तीवाल्याकडून रिव्हॉल्व्हर परत आण, रिकामं कर, चक्रीतलं एकेक घर बोट लावून बघ, मग बारका स्क्रू ड्रायव्हर घे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाच-पाच मिनिटं नऊ वेळा फिरव, नवव्या खेपेला लांब रेघेवर चीर आली की थांब. तिथे तो आपोआप घट्ट लागेल, पुढे जोर करू नको. मग नव्या टणक काडतुसांनी बारा बार उडवून बघ, मैदानात, कानात कापूस घालून, चापानेच. सगळ्यांच्या बुडाला मसुराएवढा खड्डा दिसला की झालं. चाप जड लागेल. तुझं बोट तरुण आहे, त्याने ओढायचा असतो. गुरुवार, शुक्रवार सराव कर. शनिवारी स्टुलावर उभी राहा, बाही नीट ओढून घे, आणि त्या उंच मुलीला ठो असा ऐकव की तिच्या वडलांचा चहा सांडला पाहिजे. आणि तरीही अडलंच, तर हात वर आणि तीस. पॉलिश करायचं नाही. आखूड रेघांना कोणी हात लावायचा नाही, त्या माझ्या आहेत.

हे सगळं आबांच्या नावासाठी लिहायला बसले असं मला वाटत होतं, पण तेवढंच नाही. गेल्या महिन्यात तू आठ दिवस राहून गेलीस. तू गेल्यापासून माझ्या घरातल्या बरण्यांची झाकणं एका बोटाने उघडतात. नळ हलका फिरतो. आणि सुयांच्या उशीत बारा सुया ओवलेल्या होत्या, सहा पांढऱ्या, सहा काळ्या. मी शेजारणीला सांगितलं, माझी नजर अजून चांगली आहे, अजून सुई ओवते मी. ती म्हणाली, कमाल आहे बाई. मीही म्हटलं, आहेच. मीही रेघा ओढत बसले असते नऊ वर्षं, आणि तूही काही बोलली नसतीस, कारण तू त्यांची नात आहेस. पण त्यांच्याशी मला हे कधी बोलता आलं नाही, आणि आता तीस मोजले काय नि तीन हजार मोजले काय, उत्तर येणार नाही. तेव्हा मी सांगून टाकते. मला कळलंय, भिंगरी. राग आलेला नाही. तुझी पुढची लाल बाही अर्धी शिवून झाली आहे, माप मी डोळ्यांनीच घेतलं होतं. काळ्या सुया शिल्लक आहेत, पांढरी एकच उरली आहे. शनिवारची शर्यत उरकली की ये.

तुझीच,
नजर अजून चांगली असलेली
आजी